घरचा मोबाइल, मांडवातला कर्णा आणि आपलं मिक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला रामबागेत माझी दहा बाय दहाची एक खोली आहे. तिथे अभंग, भावगीतं, गणपतीच्या आरत्या, कधी नाट्यगीत, कधी कॉलेजच्या पोरांचं रॅप असं सगळं मी रेकॉर्ड आणि मिक्स करते, म्हणजे गाण्यातल्या सगळ्या आवाजांचा तोल जमवते. येणाऱ्या प्रत्येकाची तक्रार एकच असते: "इथे काय सुरेख वाटत होतं, घरी जाऊन फोनवर लावलं आणि जीवच गेला त्यातला." त्या तक्रारीतून निघालेले प्रश्न आणि माझी उत्तरं खाली लिहिते आहे. उदाहरणं आपल्या गाण्यातली, आपल्या वाद्यांचीच घेतली आहेत, कारण ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटारवर लिहिलेलं मार्गदर्शन वाचून डग्ग्याचं काय करायचं ते कळत नाही.

स्टुडिओत भरदार वाटलेलं गाणं फोनवर पोकळ का होतं?

फोनच्या स्पीकरचा पडदा बोटाच्या पेराएवढा असतो. खालचे सूर वाजवायला बरीच हवा हलवावी लागते आणि ती त्याच्याकडून हलत नाही. आपल्याला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक कंपन) ऐकू येतं असं मानतात, पण बहुतेक फोनवर ३०० हर्ट्झच्या खाली फारसं काही उरत नाही. लॅपटॉप थोडा बरा, हातात मावणारा ब्लूटूथ स्पीकर आणखी बरा, पण खरा तळ कुणाकडेच नसतो.

आता हे गाण्याला लावून पाहा. एखादे काका काळी एकमध्ये गातात. त्यांचा मध्य षड्ज साधारण १३८ हर्ट्झचा, आणि तिथून ते मंद्र पंचमावर उतरले की सूर १०४ च्या आसपास जातो. म्हणजे काकांचा जो मूळ सूर आहे तो फोन वाजवतच नाही. तरीही फोनवर आपल्याला काका पंचमावरच ऐकू येतात, एक सप्तक वर नाही. कारण प्रत्येक सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर येतात आणि त्यांच्यावरून मेंदू मूळ सूर ताडतो. पाया दिसत नसला तरी भिंती पाहून घराचा नकाशा कळतो, तसं.

मिक्सिंगची सगळी गोम इथे आहे. छोट्या स्पीकरसाठी तळ वाढवायचा नसतो. तळाच्या सुरांचे उपस्वर मधल्या पट्टीत, म्हणजे साधारण ३०० ते ४,००० हर्ट्झमध्ये, नीट ऐकू येतील एवढं पाहायचं असतं. तंबोऱ्यात हे काम जवारी, म्हणजे तारेखालच्या दोऱ्याने येणारा झणकार, आपोआप करते. जवारी नीट लागलेला तंबोरा मूळ सुरापेक्षा उपस्वरांनीच जास्त बोलतो, म्हणून तो अगदी स्वस्त फोनवरही भरलेला वाटतो. पुढच्या वेळी मुद्दाम ऐकून पाहा.

मग बेस वाढवला तर निदान थोडा तरी येईल ना?

नाही. उलट नुकसान होईल. ६० हर्ट्झवर तुम्ही ६ डेसिबल चढवले तर फोन ते वाजवणार नाहीच, पण त्या वाढवलेल्या तळाने वरची मोकळी जागा खाल्ली, म्हणून पूर्ण गाणं मात्र दबेल. आणि तेच गाणं गाडीत लावलं की दाराचे पत्रे थरथरतील.

डग्ग्यासाठी मी काय करते ते सांगते. डग्ग्याच्या ट्रॅकची एक प्रत काढते. मूळ ट्रॅक जसा आहे तसा ठेवते. प्रतीवर १५० हर्ट्झच्या खालचं कापून टाकते आणि मग तिच्यावर सॅच्युरेशन लावते, म्हणजे आवाज किंचित खरखरीत होईल इतका तापवते. एकटी ऐकली तर ही प्रत वाईटच वाटते, पत्र्याच्या डब्यावर हात मारल्यासारखी. मग तिचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) अगदी तळाशी नेऊन फोनवर ऐकत हळूहळू वर आणते. एक क्षण असा येतो की आत्तापर्यंत नुसती टकटक होती तिथे "घे" ऐकू येतो. तिथून अर्धा डेसिबल मागे यायचं आणि थांबायचं.

त्याच जागी घिस्साही ऐकून घ्या. मनगट दाबून वादक डग्ग्याचा सूर वर सरकवतो, ती मींड फोनवर पोहोचली पाहिजे. भजनी ठेक्यात ती गेली तर ठेका नुसता घड्याळासारखा वाटतो, त्यातला झोका जातो.

दायाँची, म्हणजे उजव्या हाताच्या तबल्याची, गोष्ट वेगळी आहे. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर बेसूर पडतात, म्हणून ढोलाला नेमका सूर नसतो. तबल्याच्या शाईमुळे, म्हणजे मधल्या काळ्या लेपामुळे, ते उपस्वर सुरेल प्रमाणात येऊन बसतात. सी. व्ही. रामन यांनी मृदंग आणि तबल्याच्या अभ्यासातून १९२० सालीच हे 'नेचर'मध्ये दाखवलं होतं. म्हणून चाटेवरचा (कडेवरचा) "ना" फोनवर सहज टिकतो. त्याला काही करावं लागत नाही. तो टोचत असेल तर ३,००० ते ५,००० च्या मध्ये थोडं कमी करा, एवढंच.

मोनोत ऐकायची काय गरज? आता सगळं स्टिरिओच असतं.

सगळं स्टिरिओ नसतं. स्टिरिओत डावं-उजवं वेगळं असतं, मोनोत सगळं मिळून एकच. स्वयंपाकघरातला एकटा ब्लूटूथ स्पीकर मोनो, देवळातले कॉलम मोनो, मांडवातले कर्णे मोनो. फोनला दोन स्पीकर असले तरी हातभर अंतरावरून ते एकच वाटतात.

हे मी एका आषाढीला शिकले. आमच्याच भागातल्या एका भजनी मंडळाचा अभंग होता, आठ जणी मागे "विठ्ठल विठ्ठल" म्हणत होत्या. तो कोरस मला खूप रुंद हवा होता, सभामंडपभर पसरलेला. म्हणून एक प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) लावलं, ज्यात डाव्या बाजूला जे जातं तेच उजवीकडे उलट्या फेजमध्ये जातं, म्हणजे लाटेचा चढ तिथे उतार होतो. हेडफोनवर अंगावर काटा यायचा. एकादशीला तोच अभंग मांडवात लावला. साउंडवाल्याने दोन्ही चॅनेल एका वायरीत जोडले होते, तसे ते नेहमीच जोडतात. मुख्य गायिका ऐकू आली, टाळ ऐकू आला, आणि कोरसच्या जागी शांतता. उलटे आणि सुलटे आवाज एकमेकांत मिसळून शून्य झाले होते. गाणाऱ्यांपैकी एक काकू माझ्या शेजारी नातवंडांना घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "अगं, आम्ही कुठे गेलो?" ते वाक्य मी विसरलेले नाही.

तेव्हापासून मिक्सची सुरुवातच मी मोनोत करते, एका स्पीकरवर. सगळ्यांना एकाच दारातून आत यायचं आहे म्हटल्यावर कोण कुणाला ढकलतंय ते लगेच दिसतं. तोल जमला की मगच स्टिरिओ उघडते आणि वाद्यं थोडी डावी-उजवी करते. सॉफ्टवेअरमध्ये मास्टरवर मोनोचं बटण असतं. फोनमध्येही ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ मिळतो.

रुंद करण्याची आणखी एक युक्ती सर्रास वापरतात: एकच हार्मोनियम दोन्हीकडे ठेवून एक बाजू काही मिलिसेकंद उशिरा वाजवायची. १२ मिलिसेकंदांचा उशीर असेल तर मोनोत दर ८३ हर्ट्झला एक खड्डा पडतो. हार्मोनियम नळीत बसून वाजवल्यासारखी होते. रुंदी हवी असेल तर वादकाला तोच तुकडा पुन्हा वाजवायला सांगा आणि दोन वेगळे टेक दोन बाजूंना ठेवा. दोन टेक कधीच हुबेहूब नसतात, म्हणून ते एकमेकांना मारत नाहीत.

तबला आणि गाणं एकाच खोलीत एकदम रेकॉर्ड केलं असेल तरीही हा धोका आहे. गायकाचा आवाज तबल्याच्या माइकमध्ये ३४ सेंटिमीटर जास्त चालून पोहोचला तर तो सुमारे एक मिलिसेकंद मागे पडतो आणि दोन्ही माइक मिसळल्यावर ५०० हर्ट्झच्या आसपास आवाज पातळ होतो. आवाजाचं अंगच तिथे असतं. माइक आपापल्या आवाजाच्या जवळ ठेवा आणि एकमेकांपासून निदान तिप्पट लांब.

गाण्याचे शब्द कळत नाहीत अशी तक्रार येते. आवाज तर पुरेसा मोठा आहे.

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. मराठी श्रोता शब्दासाठी ऐकतो. चाल आवडते, पण "काय म्हटलंय" हे कळलं नाही की तो गाणं पुन्हा लावत नाही. माझ्या सासूबाई सकाळी पोहे भिजवून कांदा चिरायला बसतात, फोन ओट्यावर डब्याला टेकवलेला असतो, वर एक्झॉस्ट चालू आणि मागे कुकर. कुठलाही अभंग देण्याआधी मी तो तिथे लावते. त्या सोबत गुणगुणायला लागल्या तर मिक्स झालं. "काय गं म्हणतोय तो?" असं विचारलं तर मी खोलीत परत जाते.

शब्द हरवण्याचं पहिलं कारण म्हणजे हार्मोनियम. ती गायकाच्याच पट्टीत वाजते, तेच सूर धरते आणि दम न घेता सलग बोलत राहते. तिचा आवाज मोठा असतो असं नाही, पण व्यंजनं जिथे राहतात ती २,००० ते ४,००० हर्ट्झची जागा ती अडवून बसते. मी तिथे तिला रुंद, सौम्य असा २ ते ३ डेसिबलचा कट देते. आणि गायक गात असताना तिचा फेडर एक-दीड डेसिबल खाली ठेवते. ओळ संपली की वर आणते. हे हाताने करायचं, ओळीओळीने. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय सापडलेला नाही. चांगला साथीदार बैठकीत नेमकं हेच करतो, गायक बोलायला लागला की भाता हलका करतो. तो आपण मागाहून हलका करायचा.

दुसरं कारण म्हणजे ओळीचा शेवट. आपल्याकडे गायक ओळीच्या शेवटी आवाज सोडतो आणि क्रियापद तिथेच असतं. "नाही", "होते", "यावे" असे शब्द हवेत विरतात. शांत खोलीत ते गोड वाटतं, रस्त्यावर अर्थच जातो. कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज आवळून बारीक-मोठ्यातलं अंतर कमी करणारं साधन, त्यात थोडी मदत करतो. मी ३ ला १ च्या प्रमाणात २-३ डेसिबलच आवळते, गरज पडली तर दोन वेळा थोडं थोडं. त्याहून जास्त आवळलं तर श्वास आणि भात्याचा घुसमटलेला आवाज पुढे येतो. उरलेलं काम पुन्हा फेडरचंच, शेवटचा शब्द हाताने उचलायचा.

तिसरं म्हणजे मराठीतले दोन च आणि दोन ज. "चहा"तला च वेगळा, "चाफा"तला वेगळा. चाफ्यातल्या च मध्ये त आणि स चं मिश्रण असतं आणि ते स्वस्त इयरफोनवर सुईसारखं टोचतं. त्यासाठी डी-एसर (असे टोचणारे आवाज दाबणारं साधन) ५,००० ते ८,००० हर्ट्झच्या दरम्यान लावा, पण इंग्रजी गाण्यासाठी बनवलेलं प्रीसेट तसंच वापरू नका. जास्त दाबलं की चाफा "ताफा" होतो. मी तर असे शब्द शोधून फक्त तेवढ्याच अक्षराचा आवाज ३-४ डेसिबल कमी करते. एका भावगीतात अशी वीसेक अक्षरं निघतात, अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि पुरुषांच्या आवाजात ८०, बायकांच्या आवाजात १२० हर्ट्झच्या खाली काही नसतंच. असते ती पंख्याची घरघर आणि माइकच्या स्टँडवर पाय लागल्याचा धप्पा. ते कापून टाका.

आवाज किती मोठा ठेवून मिक्स करायचं?

शेजारी बसलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल इतका. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं होतं की आवाज बारीक केला की कानाला तळाचे सूर सगळ्यात आधी ऐकू येईनासे होतात. मोठ्या आवाजात तळ आपोआप भरदार वाटतो. म्हणून मोठ्याने मिक्स केलेलं गाणं घरी बारीक आवाजात लंगडं पडतं. उलट बारीक आवाजात जमलेलं गाणं मोठं केल्यावर सहसा बिघडत नाही.

दिवसातून एक-दोनदा मोठ्याने ऐका, तळ कुठे घुमतोय ते तपासायला. पाच मिनिटं, मग परत खाली. कानांचाही विचार करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, इतकीच सुरक्षित मर्यादा आहे.

महागडे मॉनिटर (स्टुडिओचे स्पीकर) घेतल्याशिवाय चांगलं मिक्स होत नाही का?

होतं. यामाहाचा पांढऱ्या पडद्याचा एनएस-१० हा स्पीकर १९७८ साली घरगुती वापरासाठी आला होता. घरांत तो फारसा रुजला नाही, पण जगभरच्या स्टुडिओंनी तो उचलला. त्याला तळ कमी आणि मधली पट्टी निर्दय, गाण्यातला दोष तो झाकत नसे. त्याचं उत्पादन २००१ मध्ये थांबलं, तरी लोक अजून जुने जोड शोधत फिरतात.

स्पीकरपेक्षा खोलीवर आधी पैसे घाला. दहा फुटी खोलीत दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून घुमतो. खोली चौरस असेल तर दोन्ही दिशांना तोच सूर, म्हणजे दुप्पट त्रास. आणि गंमत अशी की खोलीच्या बरोबर मध्ये बसलात तर तोच सूर गायब होतो, भिंतीला टेकून बसलात तर गडगडतो. मी पहिली दोन वर्षं मधोमध बसत होते. मला बेस कमी वाटायचा, मी वाढवायचे, आणि लोकांच्या गाडीत तो फुगायचा. खुर्ची दीड फूट पुढे सरकवली आणि निम्मी तक्रार संपली. त्याला एक पैसाही लागला नाही.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. त्यांनी तळाला काहीही होत नाही. कोपऱ्यांत जाड रॉकवूल (आवाज शोषणारी खनिज लोकर), निदान चार ते सहा इंच, कापडात शिवून उभं करा. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट आणि जाड गाद्याही कामाला येतात.

फक्त हेडफोनवर मिक्स केलं तर?

चालेल. रात्री घरात पोरं झोपलेली असतात तेव्हा मीही तसंच करते. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हेडफोनवर डाव्या कानात डावंच जातं, उजवीकडे सांडत नाही, म्हणून डावं-उजवं फार ताणलेलं वाटतं आणि रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, गरजेपेक्षा स्पष्ट ऐकू येतो. आणि मधोमध असलेला आवाज डोक्याच्या आत बसल्यासारखा इतका ठळक होतो की आपण तो कमी ठेवतो. सकाळी स्पीकरवर लावलं की गायक मागे गेलेला असतो. माझ्या हेडफोनच्या मिक्समध्ये मी गायकाचा आवाज सकाळी जवळजवळ नेहमीच एक डेसिबल वाढवते.

रिव्हर्ब किती?

इयरफोनवर जास्त वाटतो आणि फोनवर नाहीसा होतो, म्हणून लोक फोनवर ऐकून वाढवत बसतात. तसं करू नका. रिव्हर्बच्या चॅनेलवर ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ७-८ हजारांच्या वरचं कापा, २० ते ४० मिलिसेकंदांचा प्री-डिले द्या म्हणजे शब्द आधी येईल आणि घुमारा मागून. अभंगाला देवळाचा घुमारा हवा असतो हे मान्य, पण तो दोन ओळींच्या मधल्या जागेत ऐकू यावा, शब्दाच्या अंगावर नको.

दुसऱ्यांची गाणी माझ्यापेक्षा मोठी वाजतात. लिमिटर दाबू का?

लिमिटर आवाजाची शिखरं छाटतो आणि बाकी गाणं मोठं करू देतो, पण आधी मोजा. यूलीनचं लाउडनेस मीटर मोफत मिळतं. कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायची पद्धत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ साली ठरवून दिली आणि त्याच पद्धतीचं एकक म्हणजे लफ्स. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये सगळी गाणी उणे १४ लफ्सच्या पातळीवर आणतं, ॲपल म्युझिक उणे १६ वर. यूट्यूब उणे १४ च्या आसपास मोठ्या गाण्याला खाली ओढतं, बारीक गाण्याला मात्र वर उचलत नाही. म्हणजे तुम्ही उणे ८ पर्यंत रेटलंत तरी तिथे ते सहा डेसिबल खाली येणारच. फरक एवढाच की तोपर्यंत तबल्याच्या थापेचा जीव गेलेला असेल.

उणे १४ हा काही कायदा नाही. भावगीत उणे १५-१६ वर छान श्वास घेतं, रॅप उणे १० वर नेलं तरी त्याला शोभतं. शिखर मात्र उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, ट्रू पीक, म्हणजे वाजताना येणारं खरं शिखर, मोजून. एमपी३ किंवा एएसी करताना शिखरं किंचित वाढतात आणि फोनवर तडतड येते.

अनेकदा "मोठं" वाटणारं गाणं मोठं नसतंच, त्याची मधली पट्टी मोकळी असते. आवडतं एक गाणं शेजारच्या ट्रॅकवर ठेवा, दोन्हींचा आवाज मीटरवर समान करा आणि मग तुलना करा. आवाज समान केल्याशिवाय केलेल्या तुलनेला अर्थ नाही, मोठं ते आपल्याला नेहमीच चांगलं वाटतं.

व्हॉट्सॲपवर पाठवलं की आवाज बिघडतो.

डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जशीच्या तशी फाइल जाते. दुसऱ्या फोनवर वाजवून व्हॉइस नोट करून पाठवलेलं मिक्स कृपया कुणालाही ऐकवू नका.

मांडवासाठी आणि रंगपंचमीच्या गेरसाठी (इंदूरच्या मिरवणुकीसाठी) वेगळं मिक्स करायचं का?

मांडवासाठी मी करते. कर्णा हा मुळात बोलण्यासाठी बनलेला आहे, त्याची धाव साधारण ३०० ते ५-६ हजार हर्ट्झ. फोनसाठी मधली पट्टी सांभाळली असेल तर निम्मं काम झालेलंच असतं. उरलेलं असं: गल्लीतल्या भिंतींचा स्वतःचा घुमारा असतो, म्हणून रिव्हर्ब जवळजवळ काढून टाकायचा, गायकाचा आवाज एक-दीड डेसिबल वर, टाळ-झांज २ डेसिबल खाली, आणि फाइल मोनोच द्यायची म्हणजे वायरी कशाही जोडल्या तरी काही हरवत नाही. टाळाचं विसरू नका. कर्ण्यावर टाळ बाकी सगळ्यांना कापून पुढे येतो आणि सुखकर्ता-दुःखहर्ताच्या जागी नुसती छणछण उरते.

गेरमध्ये राजवाड्यावरून जाणाऱ्या गाड्यांवर सबवूफर असतात, तिथे प्रश्न उलटा आहे. जे तुम्हाला खोलीत कधी ऐकूच आलं नाही ते २५-३० हर्ट्झचं गुरगुरणं तिथे जिवंत होतं. ३० च्या खालचं कापा आणि १२० च्या खालचं सगळं मध्ये ठेवा, डावं-उजवं करू नका.

जुनी गाणी इतक्या साध्या रेडिओवर इतकी छान कशी वाजायची?

मालवा हाउसहून येणारं आकाशवाणी इंदूर, ६४८ किलोहर्ट्झ, आमच्या घरी पितळी जाळीच्या एका रेडिओवर लागायचं. मीडियम वेव्हवर ५,००० हर्ट्झच्या वरचं जवळपास काही पोहोचत नाही, तळही नाही. तरी लतादीदींचा प्रत्येक शब्द खोलीच्या पलीकडे कळायचा. (त्यांचा जन्म इथलाच, २८ सप्टेंबर १९२९, आणि इंदूरकरांना हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

त्या रेकॉर्डिंगमध्ये मिक्सिंगचं बरंचसं काम संगीतकार आणि वाद्य-संयोजक आधीच करून ठेवत. वादक आणि गायिका एकदम, मोजके माइक, मोनो. नंतर दुरुस्त करायची सोय नाही. म्हणून गायिका ओळ म्हणत असताना व्हायोलिन थांबलेली असत, किंवा खूप वर किंवा खूप खाली. ओळ संपली की बासरीला जागा. आज आपल्याकडे ऐंशी ट्रॅक आहेत आणि सगळे एकदम बोलतात. गर्दी फार झाली असेल तर इक्वलायझर उघडण्याआधी एखादं वाद्य त्या ओळीपुरतं बंद करून बघा. मी हे सुचवते तेव्हा संयोजकांना वाईट वाटतं, पण ऐकल्यावर बहुतेक जण मान्य करतात.

ख्याल रेकॉर्ड केला आहे. मंद्रातला आलाप फोनवर ऐकूच येत नाही.

उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या शहरात हा प्रश्न यायचाच. अतिविलंबित लय, मंद्रात रमणारा भारदार आवाज, ही इंदूरची गायकी. इथली तरुण मुलं तोच रस्ता धरतात आणि फोनवर त्यांच्या पहिल्या दहा मिनिटांतलं काही पोहोचत नाही.

इथे कॉम्प्रेसरवर भिस्त ठेवू नका. ख्यालात बारीक-मोठं हाच आशय आहे. मंद्राच्या भागापुरता आवाज हाताने २-३ डेसिबल उचला, तार सप्तकात परत आणा, इतक्या हळू की ऐकणाऱ्याला हात कळू नये. मग १५० ते २५० हर्ट्झमधला जडपणा थोडा काढा आणि ७०० ते १,५०० च्या भागाला एक-दीड डेसिबल द्या. मंद्र सुराचे उपस्वर तिथे असतात आणि आकाराचा "आ" तिथेच उघडतो. तंबोरे फार मोठे ठेवले असतील तर नेमकी हीच जागा ते भरून टाकतात. तंबोरे एक डेसिबल खाली घ्या, गायक आपोआप पुढे येतो.

मूळ रेकॉर्डिंगच एक हात लांबून, पंखा चालू ठेवून केलं असेल तर मात्र मिक्समध्ये फार हाती लागणार नाही. ते पुन्हा करा. पंखा बंद, सकाळची वेळ, गायकाला बसायला मऊ आसन.

कुठे कुठे ऐकून बघायचं आणि थांबायचं कधी?

माझा क्रम असा: एका स्पीकरवर मोनोत, मग साधा फोन ओट्यावर, मग वायरवाले स्वस्त इयरफोन, मग टीव्ही (त्याचे स्पीकर मागे किंवा खाली तोंड करून असतात, शब्द आधी तिथेच हरवतात), मग गाडी. गाडी उभी असताना एकदा आणि राजेंद्र नगरच्या पुलावरून जाताना एकदा, कारण टायरच्या घरघरीत मिक्समधल्या बारीक जागा बुडतात. प्रत्येक ठिकाणी कागदावर लिहायचं, तिथल्या तिथे फाइल बदलायची नाही. जी तक्रार दोन-तीन ठिकाणी सारखी येते तीच खरी. गाडीत बेस जास्त आणि टीव्हीवर कमी वाटला तर हात लावू नका, ते त्या त्या यंत्राचे स्वभाव आहेत.

आणि एक दिवस मध्ये जाऊ द्या. रात्री बारा वाजता उचललेला अर्धा डेसिबल सकाळी सहा वाजता मी कितीदा तरी परत खाली ठेवला आहे. सकाळी फाइल लावते, फोन डब्याला टेकवते, एक्झॉस्ट चालू करते आणि दारात उभी राहून सासूबाईंकडे बघते.